एचएसएस गिटारचं वायरिंग बदलताना: आधी काय, मग काय आणि काय नकोच

तुझा प्रश्न मला समजला तो असा. गिटार स्ट्रॅटच्या, म्हणजे फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची. तिला तीन पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे भाग: ब्रिजला हमबकर म्हणजे दोन कॉइलचा, मध्ये आणि नेकला सिंगल कॉइल म्हणजे एकेका कॉइलचे, म्हणून नाव एचएसएस. एक व्हॉल्यूम, दोन टोन, पाच जागांचा स्विच. नारायण पेठेतल्या जुन्या इमारतीत खोलीवर वाजवताना हम, म्हणजे विजेचा घुमणारा आवाज, फार येतो. व्हॉल्यूम जरा खाली घेतला की आवाजावर गोधडी टाकल्यासारखं होतं. तुला हमबकर स्प्लिट करायचाय, म्हणजे त्यातली एकच कॉइल वाजवायचीय, नेक आणि ब्रिज एकत्र वाजवायचेत, फेज उलटा करणारा स्विच हवाय. वीसेक आवाज देणारा वायरिंगचा एक नकाशाही तुला मिळालाय, त्यात दोन पुश-पुल पॉट आहेत (पॉट म्हणजे नॉबखालचा फिरवून बदलायचा रोध, पुश-पुल म्हणजे नॉब ओढला की स्विचचंही काम करणारा) आणि पिकगार्डला, म्हणजे पुढच्या प्लॅस्टिकच्या पत्र्याला, भोकं पाडून बसवायचे दोन छोटे टॉगल स्विच. आणि शेवटी विचारलंस, "दादा, आधी पिकअपच बदलू का?"

पिकअप आत्ता बदलू नकोस, आणि पिकगार्डला भोकंही पाडू नकोस. तू सांगितलेल्या तक्रारींपैकी बहुतेक पिकअपच्या नाहीतच. त्या पिकअप, पॉट आणि केबल या तिघांच्या एकत्र वागण्यातून येतात. तुझ्यासारख्या गिटारच्या आतलं सर्किट पॅसिव्ह असतं, त्यात बॅटरी नाही. त्यामुळे तिथे आपण काही वाढवू शकत नाही. जे आहे ते वेगळ्या तऱ्हेनं जोडतो किंवा त्यातलं काही गाळतो. हे एकदा पक्कं झालं की कोणता बदल कामाचा आणि कोणता नुसता नकाशावर छान दिसणारा, ते आपोआप कळायला लागतं.

पिकअप म्हणजे केसाइतक्या बारीक तारेचे हजारो वेढे. जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅट पिकअपमध्ये ४२ गेजच्या तारेचे आठेक हजार वेढे असतात आणि मल्टीमीटरवर साधारण ६ किलोओहम दिसतात. हा आकडा बघून लोक "हा पिकअप जोरदार, तो मवाळ" असं ठरवतात, पण आवाजाचा स्वभाव ठरतो इंडक्टन्सवर. या पिकअपचा इंडक्टन्स २.४ हेन्रीच्या आसपास धर. गिटारची केबल दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड, म्हणजे ५ मीटरला ५०० पिकोफॅरड भरते, आणि कॉइलचे स्वतःचे १०० धर. या दोघांचा मेळ बसून सुमारे ४.२ किलोहर्ट्झला एक उंचवटा तयार होतो. स्ट्रॅटची ती टणटणीत धार म्हणजे हा उंचवटा. जुन्या धर्तीच्या हमबकरचा इंडक्टन्स ४.४ हेन्रीच्या घरात असतो, त्याचा उंचवटा त्याच केबलवर ३.१ किलोहर्ट्झपर्यंत खाली येतो, म्हणून तो जाड वाटतो. केबल १० मीटरची घेतलीस की दोन्ही उंचवटे आणखी खाली सरकतात. नवीन पिकअप घेण्याआधी मित्राची आखूड केबल लावून बघ, असं मी प्रत्येकाला सांगतो ते यासाठी.

उंचवटा किती उंच राहणार हे पॉट ठरवतं. सिंगल कॉइलला २५० के (के म्हणजे किलोओहम) आणि हमबकरला ५०० के हा रिवाज त्यामुळेच पडला. पॉट जितकं लहान तितका सिग्नलवर भार जास्त, आणि तितकी धार बोथट. तुझ्या एचएसएस गिटारमध्ये खरी अडचण इथे आहे. २५० के घातलं तर हमबकर मंद वाटतो, ५०० के घातलं तर सिंगल कॉइल कानाला टोचतात. बहुतेक तयार गिटारमध्ये यातलं एक काहीतरी निवडून वेळ मारून नेलेली असते. पॉटवर लिहिलेल्या आकड्यावरही फार विसंबू नकोस. २० टक्के इकडे-तिकडे चालतं असं गृहीतच असतं, त्यामुळे २५० केचं पॉट मोजल्यावर २०० किंवा ३०० भरू शकतं. दुकानात मल्टीमीटर घेऊन जा आणि मोजून घे.

आता तुझ्या गिटारसाठी मी काय करेन ते सांगतो.

व्हॉल्यूमला ५०० केचं लॉग पॉट. पहिला टोन पुश-पुल, ५०० के, आणि तो सगळ्या पिकअपांसाठी एकच, म्हणजे मास्टर टोन. दुसऱ्या टोनच्या जागी दुसरं पुश-पुल, त्यातला फक्त स्विच वापरायचा, पॉट रिकामं. पहिल्या पुश-पुलवर हमबकरच्या दोन कॉइल सिरीजऐवजी (एकापाठोपाठ) पॅरलल (समांतर) होतील, दुसऱ्यावर नेक पिकअप हवा तेव्हा जोडला जाईल. बाहेरून गिटार आत्ता दिसते तशीच दिसेल, आणि उद्या विकायची झाली तर तासाभरात पूर्ववत होईल.

दोन टोनचा एक टोन केल्यावर पाच जागांच्या स्विचची एक बाजू मोकळी होते, आणि एचएसएसचं सगळ्यात सुंदर काम तिथे होतं. स्ट्रॅटच्या साध्या स्विचला दोन बाजू असतात. एक पिकअप निवडते, दुसरी टोन निवडते, आणि दोन्हींचे सामाईक पाय एकमेकांना जोडलेले असतात. टोनच्या बाजूच्या तारा काढून टाक. मास्टर टोन थेट व्हॉल्यूमच्या इनपुट पायाला जोड. मग त्या मोकळ्या बाजूवरचे नेक आणि मिडलचे दोन पाय आपसात जोडून तिथून ४७० केचा एक रेझिस्टर ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या शून्य टोकाला, दे. ब्रिजचा पाय रिकामा ठेव. आता स्विच फक्त ब्रिजवर असेल तेव्हा हमबकरला पूर्ण ५०० के दिसतात, आणि बाकी चारही जागांवर तो रेझिस्टर मध्ये येऊन व्हॉल्यूमचं पॉट सुमारे २४२ केचं असल्यासारखं वागतं. हाच रेझिस्टर नेक आणि मिडलवर वेगवेगळा लावला तर चौथ्या जागेवर, म्हणजे दोन्ही एकत्र वाजताना, दुप्पट भार पडतो आणि आवाज मिटतो, म्हणून दोघांत एकच. ४७० केनंही सिंगल कॉइल जरा तीक्ष्ण वाटले तर २७० के लाव. जुन्या स्ट्रॅटमध्ये व्हॉल्यूम आणि टोन, दोन्ही २५० के, मिळून १२५ केचा भार टाकत. तुझा टोन ५०० केचा असल्यामुळे २७० के लावल्यावर तू जवळपास त्या आकड्यावर पोचतेस. एक-दोन रुपयांच्या या एका रेझिस्टरमुळे गिटारचा स्वभाव इतका सुधारतो की तिथून पुढे बऱ्याच जणांना पिकअप बदलावेसे वाटत नाहीत.

व्हॉल्यूम खाली घेतल्यावर आवाज का मंदावतो, हा तुझा प्रश्न फार चांगला आहे. पॉट मधोमध असताना त्याचा रोध सिग्नलच्या वाटेत उभा राहतो आणि पुढची केबल कपॅसिटरसारखी असल्यामुळे दोघं मिळून वरच्या पट्ट्या गिळतात. २५० केच्या पॉटवर सगळ्यात वाईट बिंदूला, ५ मीटर केबलसह, ही गळती साधारण ५ किलोहर्ट्झपासून सुरू होते. ५०० केवर ती अडीच किलोहर्ट्झपासूनच सुरू होते. म्हणजे मी सुचवलेल्या ५०० केच्या पॉटनं तुझी तक्रार वाढेल, आणि म्हणून ट्रेबल ब्लीड, म्हणजे वरच्या पट्ट्यांना पॉट टाळून जायची वाट, लावायलाच हवा. व्हॉल्यूम पॉटच्या इनपुट पायापासून मधल्या पायाला १००० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर १५० केचा रेझिस्टर. नुसता कपॅसिटर लावला तर कमी व्हॉल्यूमला आवाज किरकिरा आणि पोकळ होतो, रेझिस्टर त्याला आवरतो. समांतर रेझिस्टरमुळे पॉटची चाल थोडी बदलते. ते हाताला खटकलं तर १२०० पिकोफॅरड आणि १३० के हे दोघं एकापाठोपाठ लावून बघ. आणखी एक जुनी पद्धत आहे, टोनचा फाटा व्हॉल्यूमच्या इनपुटऐवजी मधल्या पायावरून काढायची, जिला फिफ्टीज वायरिंग म्हणतात. तीही धार टिकवते, पण मग टोन फिरवला की व्हॉल्यूम हलतो. ट्रेबल ब्लीड आणि फिफ्टीज दोन्ही एकदम करू नकोस, कमी व्हॉल्यूमला आवाज भलताच पातळ होईल.

आता हमबकर. तू स्प्लिट म्हणतेस, मी पॅरलल म्हणतोय, आणि त्याचं कारण तुझी खोली आहे. गिब्सन कंपनीचा हमबकर तिथल्या सेथ लव्हर यांनी तयार केला, १९५५ मध्ये पेटंटचा अर्ज झाला आणि १९५९ मध्ये पेटंट मिळालं. दोन कॉइल, वेढे उलटसुलट आणि चुंबकाची ध्रुवंही उलटसुलट. तारेचा सिग्नल दोन्हींतून बेरीज होऊन येतो आणि विजेचा हम वजा होतो. स्प्लिट केलं की त्यातली एक कॉइल ग्राउंड होऊन बाजूला पडते, राहते ती एकटी सिंगल कॉइल. सिंगल कॉइलचा हम आला, आणि स्ट्रॅटच्या ब्रिज पिकअपचा आवाज मात्र पूर्ण आला नाही, कारण हमबकरमधली एक कॉइल त्या पिकअपपेक्षा कमी वेढ्यांची असते. पॅरललमध्ये दोन्ही कॉइल चालू राहतात. सिरीजमध्ये ४.४ हेन्री होते ते सव्वा हेन्रीच्याही खाली उतरतात, आवाज उजळ आणि हलका होतो, पातळी कमी होते, पण हम जसा वजा होत होता तसाच होत राहतो. पेठेतल्या खोलीत किंवा मांडवात जनरेटरवर वाजवायचं असेल तर हा फरक फार मोठा आहे.

पॅरललसाठी हमबकरला चार तारा आणि वेगळं शील्ड हवं. दोनच तारा असतील तर कॉइलच्या जोडावरची पट्टी उकलून तारा बाहेर काढाव्या लागतात. ते काम नाजूक आहे, बारीक तार तुटली की पिकअप गेला. ते स्वतः करू नकोस. चार तारा असतील तर रंगांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नकोस. सेमूर डंकन कंपनीच्या पिकअपमध्ये काळी तार हॉट, म्हणजे सिग्नलची, पांढरी आणि लाल एकमेकांना जोडायच्या, हिरवी ग्राउंडला. डिमार्झिओ कंपनीच्या पिकअपमध्ये लाल हॉट, काळी आणि पांढरी जोडायच्या, हिरवी ग्राउंडला. म्हणजे एकात लाल तार मधल्या जोडाची, दुसऱ्यात तीच हॉट. तुझ्या गिटारमधला पिकअप कोणाचा ते माहीत नसेल तर मल्टीमीटरनं जोड्या शोध. चार किलोओहमच्या आसपास दिसलं की त्या दोन तारा एका कॉइलच्या. मग मीटर सगळ्यात लहान डीसी व्होल्टच्या पल्ल्यावर ठेव, कॉइलच्या खांबांवर स्क्रूड्रायव्हर टेकव आणि झटकन उचल. आकडा क्षणभर अधिक किंवा उणे दाखवतो. दोन्ही कॉइलवर एकच चिन्ह येईल अशा बेतानं मीटरच्या कांड्या लावल्यास, की दोन्हीकडे लाल कांडी ज्या तारेवर आहे तो त्या कॉइलचा अधिक टोक. नेक आणि मिडलचीही हीच परीक्षा कर. सगळ्यांचं चिन्ह सारखं आलं की फेज सारखा. एखादा पिकअप उलटा वेढलेला आणि उलट्या चुंबकाचा असला तरी ही परीक्षा खरंच सांगते, कारण दोन उलट्यांनी सुलट होतं.

पुश-पुलच्या मागे सहा पाय असतात, तीन-तीनच्या दोन रांगा. पहिल्या कॉइलचं अधिक टोक हॉटला, म्हणजे पाच जागांच्या स्विचच्या ब्रिजच्या पायाला. दुसऱ्या कॉइलचं उणे टोक ग्राउंडला. पहिल्याचं उणे एका रांगेच्या मधल्या पायाला, दुसऱ्याचं अधिक दुसऱ्या रांगेच्या मधल्या पायाला. नॉब आत असताना मधल्या पायांना जे दोन पाय मिळतात ते आपसात जोड, ही झाली सिरीज. नॉब बाहेर ओढल्यावर मिळणाऱ्या पायांपैकी पहिल्या कॉइलच्या रांगेतला ग्राउंडला आणि दुसऱ्या कॉइलच्या रांगेतला हॉटला दे. झालं पॅरलल. नॉब आत असताना कोणते पाय जुळतात ते प्रत्येक कंपनीचं वेगळं, म्हणून सोल्डर करायच्या आधी मीटरनं बघ. काम झाल्यावर केबल लाव, दुसऱ्या टोकाला मीटर लाव, व्हॉल्यूम पूर्ण. ब्रिजवर ८ किलोओहमच्या जरा खाली दिसलं तर सिरीज बरोबर, नॉब ओढल्यावर २ किलोओहम दिसलं तर पॅरलल बरोबर. ४ दिसलं तर एक कॉइल गप्प आहे.

तरीही स्प्लिटच हवं असेल तर कोणती कॉइल चालू ठेवायची ते विचार करून ठरव. दुसऱ्या जागेवर ब्रिज आणि मिडल एकत्र वाजतात. मिडलच्या उलट ध्रुवाची कॉइल चालू ठेवलीस तर तिथला हम वजा होतो. दिशा दाखवणारी छोटी चुंबकसुई पिकअपजवळ धरलीस की ध्रुव लगेच कळतो. आणि गप्प करायची कॉइल पूर्ण ग्राउंड करण्याऐवजी २ ते ४ किलोओहमच्या रेझिस्टरमधून ग्राउंड केलीस तर आवाज एकदम बारीक पडत नाही.

नेक जोडायचा स्विच सगळ्यात सोपा. नेकच्या हॉटवरून एक तार पुश-पुलच्या मधल्या पायाला, ओढल्यावर मिळणाऱ्या पायावरून एक तार व्हॉल्यूमच्या इनपुटला. स्विच पहिल्या जागेवर असेल तर नेक आणि ब्रिज, दुसऱ्यावर असेल तर तिन्ही. पाचाचे सात आवाज झाले, आणि नेक-ब्रिजचा तो मोकळा, काचेसारखा लख्ख आवाज स्ट्रॅटला मुळात मिळतच नाही. पहिल्या १९५४च्या स्ट्रॅटला तर स्विचच तीन जागांचा होता. वादक तो दोन जागांच्या मध्ये अडकवून ठेवायचे आणि मधले आवाज काढायचे. कारखान्यातून पाच जागांचा स्विच यायला १९७७ उजाडलं. इथे पूर्ण हमबकर नेकला दाबून टाकतो, म्हणून नेक जोडताना हमबकर पॅरललवर ठेव. दोन्ही नॉब एकदम ओढून वाजवायचा हा आवाज गायकाच्या मागे साथीला फार छान बसतो.

काही जण स्विचऐवजी ब्लेंडर पॉट, म्हणजे नेक हळूहळू मिसळणारं पॉट, लावतात. पिकअप ६ किलोओहमचा आणि पॉट २५० केचं, त्यामुळे जवळजवळ सगळा फरक शेवटच्या थोड्याशा फिरवणीत होतो, अलीकडे काही घडतच नाही. स्टेजवर ते नेमकं जुळवता येत नाही. स्विचच बरा. रिकाम्या पॉटचं काय करायचं असेल तर पुढे कधी तिथे १ मेगचं पॉट आणि २२०० पिकोफॅरडचा कपॅसिटर घालून बास कट, म्हणजे खालचा भरणा कमी, करता येतो. लिओ फेंडर यांच्या जी अँड एल कंपनीच्या काही गिटारमध्ये तसा नॉब असतो आणि कीबोर्ड, बास, ढोलकी सगळं एकदम वाजत असताना गिटार मोकळी ऐकू यायला तो उपयोगी पडतो. आत्ता नको.

फेज उलटा करायचा स्विच तर मुळीच लावू नकोस. दोन पिकअप उलट फेजमध्ये जोडले की दोघांत सारखं असलेलं, म्हणजे मुख्यतः खालचा भरणा, वजा होतो आणि उरतो तो नाकातला बारीक आवाज. गिटारवादक पीटर ग्रीन यांच्या गिब्सन लेस पॉल गिटारचा असा आवाज प्रसिद्ध आहे, पण लेस पॉलवर दोन पिकअपांना दोन व्हॉल्यूम असतात. एक थोडा खाली घेऊन किती वजा करायचं ते वादकाच्या हातात राहतं. तुझ्याकडे व्हॉल्यूम एकच आहे, त्यामुळे पूर्ण वजाबाकी किंवा काहीच नाही. स्ट्रॅटच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेचा लाडका आवाज उलट फेजचा आहे असं बरेच जण समजतात, तो तसा नाही. तिथे दोन पिकअप सरळ फेजमध्ये, पॅरलल असतात. तो आवाज तुझ्याकडे आहेच. वीस आवाजांच्या त्या नकाशातले निम्मे आवाज असे वजाबाकीचे आहेत, आणि उरलेल्यांतले बरेच एकमेकांपासून ओळखूसुद्धा येणार नाहीत. चालू गाण्यात कोणता नॉब वर आणि कोणता टॉगल खाली हे आठवत बसलीस तर वाजवणार कधी?

हमकडे येतो, आणि हा भाग नीट वाच. खोलीवर जे ऐकू येतं ते दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक, ५० हर्ट्झचा घुमणारा हम, जो ट्रान्सफॉर्मर आणि वायरिंगच्या चुंबकीय क्षेत्रातून सिंगल कॉइलमध्ये शिरतो. गिटार घेऊन गोल फिरलीस की तो कमी-जास्त होतो. यावर तांब्याच्या पट्टीचा काही उपयोग नाही. उपाय म्हणजे हमबकर, किंवा मिडल उलट्या वेढ्यांचा आणि उलट्या चुंबकाचा असेल तर चौथी जागा. दोन, झणझणणारा, तीक्ष्ण बझ. हा इलेक्ट्रॉनिक पंख्याचा रेग्युलेटर, दिव्यांचा डिमर, स्वस्त एलईडी आणि चार्जर यांतून येतो. पंखा पूर्ण वेगावर कर किंवा बंद कर. बझ गेला तर दोषी सापडला. सलग फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरऐवजी पायऱ्यांचा, कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवला की हा त्रास बहुतेक संपतो. बझवर शील्डिंगचा मात्र चांगला उपयोग होतो. पिकगार्डच्या खालच्या खड्ड्याला आणि पिकगार्डच्या पाठीला तांब्याची चिकटपट्टी लाव, प्रत्येक तुकडा शेजारच्याला सोल्डरच्या थेंबानं जोड आणि सगळं मिळून एका ठिकाणी ग्राउंड कर. जॅकच्या वाटीत पट्टी लावताना सावध राहा. केबल घातल्यावर जॅकची पट्टी बाहेर वाकते आणि तांब्याला टेकते, मग गिटार मुकी होते. तिथे इन्सुलेशन टेप लाव.

वाजवायच्या तारांना हात लावल्यावर बझ कमी होतो, ही तक्रार घेऊन खूप जण येतात. तो दोष नाही. तारा ब्रिजमार्गे ग्राउंडला जोडलेल्या असतात आणि तुझं शरीर गोळा करत असलेला बझ त्या वाटेनं निघून जातो. हात लावल्यावर बझ वाढला तर मात्र हॉट आणि ग्राउंड उलटे जोडलेत. आणि तारांना हात लावल्यावर मुंग्या आल्या, किंवा माइकला ओठ लागल्यावर झटका बसला, तर त्या क्षणी वाजवणं थांबव. जुन्या वाड्यांत आणि इमारतींत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण मागे अर्थिंगची तार असेलच असं नाही. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घे, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवता आला तर घरमालकाशी बोल. हम घालवायला अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन काढायचा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नकोस. त्यात माणूस मरतो. मांडवात किंवा सभागृहात अँप आणि माइकचा मिक्सर वेगळ्या सॉकेटांवर असतील तर आधी टेस्टरनं बघायची सवय लाव.

सामान बहुतेक बुधवार पेठेत मिळेल. पासोड्या विठोबापासून तपकीर गल्लीत शिरलीस की रेझिस्टर, कपॅसिटर, सोल्डर, वायर सगळं आहे. टोनसाठी ०.०२२ मायक्रोफॅरड घे, त्यावर २२३ छापलेलं असेल. ४७३ म्हणजे ०.०४७, तो सिंगल कॉइलवाल्या गिटारचा रिवाज, टोन बंद केल्यावर जास्त मिटतो. ट्रेबल ब्लीडच्या १००० पिकोफॅरडवर १०२ असतं. साधा पॉलिस्टरचा कपॅसिटर पुरतो. किंमत मोजावी ती पॉट, स्विच आणि जॅक यांच्यासाठी, कारण हलणारे भाग ते. पॉटवर ए म्हणजे लॉग आणि बी म्हणजे लिनिअर, आशियात बनलेल्या पॉटांची खूण ही. ५०० के नाही मिळालं तर ४७० के बिनधास्त घे. पुश-पुल गिटारच्या सामानाच्या दुकानातून किंवा मागवूनच घ्यावं लागेल, आणि मागवण्याआधी तीन मापं घे: पिकगार्डचं भोक, खड्ड्याची खोली आणि नॉबच्या आतले दाते. अमेरिकन मापाच्या सीटीएस कंपनीच्या पॉटला साडेनऊ मिलिमीटरचं भोक लागतं, तुझ्या गिटारचं ७ किंवा ८ असण्याची शक्यता जास्त. दात्यांची संख्याही वेगळी, जुने नॉब बसत नाहीत.

तुझा पाच जागांचा स्विच उघड्या पत्र्याचा नसून प्लॅस्टिकच्या खोक्यातला, एका रांगेत आठ पायांचा असेल तर पायांचा क्रम कंपनीगणिक बदलतो. प्रत्येक जागेवर कोण कोणाला जुळतं ते मीटरनं बघून कागदावर लिही. सुरू करण्यापूर्वी जुन्या वायरिंगचे स्वच्छ फोटो काढ.

सोल्डरिंगला २५ वॅटचा सोल्ड्रॉन आयर्न स्विचच्या पायांना छान पुरतो, पण पॉटच्या पाठीवर ग्राउंड लावायला कमी पडतो. मग माणूस तिथे बराच वेळ टोक दाबून बसतो आणि आतला कार्बनचा ट्रॅक जळतो. पाठ सँडपेपरनं खरवड, ५० ते ६० वॅटचा रुंद टोकाचा आयर्न घे आणि दोन-तीन सेकंदांत काम उरक. सोल्डर ६०/४०, ०.८ मिलिमीटर, आत रोझिन असलेलं. पत्र्याच्या कामाचं आम्लाचं फ्लक्स गिटारच्या आसपास आणू नकोस, पावसाळ्यात ते सांधे हिरवे करून सोडतं. पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये तसंही पॉट आणि जॅक खरखरतात. त्यावर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि नॉब वीसेकदा फिरवणं एवढं पुरतं, पॉट बदलायची घाई नको.

फिरोदिया करंडक स्पर्धेच्या तालमी चालू आहेत म्हणालीस. प्रयोग होईपर्यंत गिटार उघडू नकोस. पिकगार्ड खोलायचं तर तारा उतरवाव्या लागतात, ट्रेमोलोचा, म्हणजे स्प्रिंगवरच्या हलत्या ब्रिजचा, तोल जातो, सेटिंग पुन्हा करावं लागतं. तोवर एक काम मात्र आज करता येईल, त्याला फक्त स्क्रूड्रायव्हर आणि मिलिमीटरची पट्टी लागते. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धर आणि तार ते पिकअपचा खांब हे अंतर मोज. सिंगल कॉइलला जाड तारेकडे २.४ आणि बारीक तारेकडे २ मिलिमीटरपासून सुरुवात कर. मग हमबकर त्यांच्या पातळीला येईपर्यंत अर्धा-अर्धा आटा खाली घे, प्रत्येक वेळी पाचही जागा वाजवून बघ. नेक पिकअप फार वर असेल तर चुंबक जाड तारांना ओढतो आणि वरच्या फ्रेटांवर त्या बेसूर, डळमळत्या वाजतात. तसं झालं तर तोही आटा-आटा उतरव.